मागची बाकं रिकामी दिसतात, म्हणजे नेमकं कोण येईनासं झालं?

बाकीच्या वाचकांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही वेंगुर्ल्याकडच्या एका कॅथलिक पॅरिशचे (म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या समाजाचे), पॅरिश कौन्सिलवर नुकतेच निवडून आलेले. तुमच्या लहानपणी रविवारच्या दोन्ही मिस्सांना (सामुदायिक उपासनांना) देऊळ, म्हणजे आपलं चर्च, भरलेलं असायचं, आता मागची बाकं रिकामी राहतात आणि तरुण मुलं दिसत नाहीत. कौन्सिलमध्ये काही जण म्हणतात, तरुणांची श्रद्धाच उडाली. काही म्हणतात, मग दोन मिस्सा कशाला, पहाटेची बंद करून नऊची तेवढी ठेवा. परदेशात चर्चं ओस पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्यात आणि आपलंही तसंच होणार का, ही काळजी तुम्हाला लागली आहे. हजेरी खरंच घटली आहे का हे ओळखायचं कसं आणि पहाटेची मिस्सा बंद करावी का, असे तुमचे दोन प्रश्न.

मी वसईची, आजोळ सावंतवाडीच्या बाजूचं. कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं आणि त्या निमित्ताने पॅरिशच्या कुटुंबनोंदणीत, रविवारच्या मोजणीत मदत करायला लागले. निवृत्तीनंतरही ते काम चालू आहे, वसईत जास्त, सिंधुदुर्गात बोलावतील तेव्हा. तुमची पॅरिश मी पाहिलेली नाही. त्यामुळे तुमच्याकडे काय झालंय ते मी सांगू शकत नाही. ते कसं शोधायचं आणि शोधताना माणसं कुठे चकतात, एवढं नक्की सांगू शकते.

मला तुमचा खरा प्रश्न थोडा वेगळा वाटतो. रिकामं बाक एकच दिसतं, पण त्यामागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. माणूस गावातच राहिलेला नसेल. गावात असेल, पण देवळात यायचा थांबला असेल. येत असेल, पण पूर्वी दर रविवारी यायचा तो आता महिन्यातून एकदा-दोनदा येत असेल. किंवा त्या बाकावर बसणारं मूल जन्मालाच आलेलं नसेल. या चारही गोष्टींना कौन्सिलच्या बैठकीत 'श्रद्धा उडाली' हे एकच नाव मिळतं, आणि मग चारहींवर एकच उपाय ठरतो. तिथे माझा जीव तुटतो. कारण पहिल्या आणि चौथ्या गोष्टीत कोणाची श्रद्धा उडालेली नसते, आणि तिसरीत उडाली की नाही हे त्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या गोष्टीपासून सुरुवात करू, कारण तुमच्या भागात तीच सगळ्यात मोठी असण्याची शक्यता आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची साधारण १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. आकडे सगळ्या धर्मांच्या लोकांचे आहेत. अख्खा जिल्हा रिकामा होत असताना देवळातली बाकं तेवढी भरलेली राहतील, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याच जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. म्हणजे बाहेर गेले ते मुख्यतः कमावत्या वयाचे पुरुष. रविवारी तुमच्या देवळात बायका जास्त आणि पुरुष कमी दिसत असतील, तर त्यावर प्रवचन देण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवायला हवेत.

गावापुरतं हे कसं तपासायचं? त्यासाठी प्रत्येक पॅरिशकडे एक फार चांगलं साधन आहे आणि ते बहुतेक ठिकाणी कपाटातच राहतं. बाप्तिस्म्याचं रजिस्टर. चर्चच्या कायद्याप्रमाणे त्या नोंदीच्या समासात पुढे त्या व्यक्तीचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) आणि लग्न कुठे झालं तेही लिहायचं असतं. लग्न दुसऱ्या पॅरिशमध्ये झालं, तर तिथून कळवतात आणि इथल्या फादरांनी ते समासात उतरवायचं असतं. तीसेक वर्षांपूर्वीची पाच-सात वर्षांची पानं घ्या आणि एकेक नाव वाचत जा.

सिंधुदुर्गातल्या एका पॅरिशमध्ये आम्ही हे साक्रिस्तीतल्या (वेदीलगतच्या तयारीच्या खोलीतल्या) टेबलावर बसून केलं होतं. फादरांनी रजिस्टर उघडलं, मी वही घेतली, आणि वाडीतल्या एका आजींना मुद्दाम बोलावलं होतं, कारण समासात सगळं नसतं. फादर नाव वाचायचे, आजी सांगायच्या: "तो गल्फात. त्याची भैण मालाडाक दिली. हो बोटीर असता, घर हयच बांधल्यान, बायको येता मिस्सेक. हो पणजेक हॉटेलात, रविवारी सुट्टी नाय." मध्येच एका नावावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हो हयच आसा. येणा नाय." दोन तासांच्या त्या बैठकीत 'इथेच आहे आणि येत नाही' असं, म्हणजे वरची दुसरी गोष्ट, त्यांना फार थोड्यांबद्दल म्हणावं लागलं. कौन्सिलला मात्र तोवर वाटत होतं की सगळेच तसे आहेत. त्या थोड्या नावांकडे मग कोणीतरी जाऊन बसलं, चहा घेतला, ऐकून घेतलं. एकाचं देवळातल्या जागेवरून चुलत्याशी भांडण होतं. एकाला दुसऱ्या लग्नामुळे कम्युनियन (मिस्सेत वाटली जाणारी पवित्र भाकर) घेता येत नव्हतं आणि बाकी सगळे उठून रांगेत जाताना आपण बसून राहायचं, हे त्याला सहन होत नव्हतं. एक जण शांतपणे म्हणाला की त्याचा आता विश्वास राहिलेला नाही. तीन माणसं, तीन कारणं. शेवटच्याचंही ऐकून घ्यायला हवं, आणि तेही वाद न घालता.

आता तिसरी गोष्ट, म्हणजे कमी वेळा येणं. हिच्याकडे जवळजवळ कोणाचंच लक्ष जात नाही, म्हणून जरा थांबून सांगते. समजा, २०० माणसं दर रविवारी येत होती. तीच २०० माणसं महिन्यातून दोनदाच येऊ लागली, तर कुठल्याही एका रविवारी बाकांवर शंभरच दिसतील. हजेरी निम्म्यावर आली, पण पॅरिश सोडून एकही माणूस गेलेला नाही. उलट त्यांच्यातल्या कोणालाही विचारा, तो सांगेल, "मी येतो की मिस्सेला." तो खोटं बोलत नाही, स्वतःला तो येणाराच समजतो. अमेरिकेत १९९३ साली समाजशास्त्रज्ञांनी लोकांनी सांगितलेली हजेरी आणि प्रत्यक्ष मोजलेली हजेरी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, तर प्रत्यक्षातली सांगितलेल्याच्या जेमतेम निम्मी भरली. म्हणून घरोघरी फॉर्म वाटून 'आपण मिस्सेला येता का' असं विचारण्यात फारसा अर्थ नसतो. मागच्या चार रविवारांपैकी किती रविवार आलात, असं विचारा. उत्तर एकदम बदलतं.

लोक कमी वेळा का येतात, याची कारणं माझ्या अनुभवात बहुतेक कामाची असतात. तुमच्या किनाऱ्यावर पर्यटन वाढलंय. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला इथे ज्यांच्या घरगुती खानावळी, होमस्टे किंवा बोटी आहेत, त्यांच्यासाठी शनिवार-रविवार म्हणजे आठवड्याची कमाई. पाहुणे अंगणात नाश्त्याची वाट बघत असताना घरची बाई नऊच्या मिस्सेला कशी निघेल? मुलांचे दहावी-बारावीचे क्लास आता रविवारी सकाळीच असतात. म्हाताऱ्या माणसांना रिक्षा करून यावं लागतं आणि सूनबाई कामाला गेलेली असली की आणायला कोणी नसतं. यातल्या कुठल्याच घरात श्रद्धा उडालेली नाही.

त्यात कोविडने एक सवय मोडली. महाराष्ट्रात २०२० च्या मार्चपासून प्रार्थनास्थळं बंद झाली, १६ नोव्हेंबरला दिवाळीच्या पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि २०२१ मध्ये ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, उघडली. तेवढ्या काळात लोकांनी मोबाईलवर मिस्सा पाहिली. आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती सोय फार मोलाची होती आणि अजूनही आहे, ती कोणी बंद करू नये. पण धडधाकट माणूस घरी बसून मोबाईलवर मिस्सा लावतो, तेव्हा तो भक्ती करत असला तरी शेजारच्या बाकावरच्या माणसाला भेटत नाही. शेजारचा आजारी आहे हे त्याला कळत नाही. देऊळ फक्त वेदीसाठी असतं असं मी मानत नाही, म्हणून मला याची खंत वाटते.

चौथी गोष्ट सरळ आहे. आपली घरं लहान झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ख्रिस्ती स्त्रियांचा प्रजननदर १.८८ निघाला, म्हणजे दोन पालकांच्या जागी दोन मुलंही नाहीत. ज्या घरातून पूर्वी पाच-सहा मुलं दोत्रीनीला (धर्मशिक्षणाच्या वर्गाला) यायची, त्या घरातून आता एक येतं. तुमच्या पॅरिशचे मागच्या दहा वर्षांचे बाप्तिस्मे आणि दफनं शेजारी-शेजारी लिहून काढा. दफनं जास्त असतील, तर मागची बाकं का रिकामी, याचं बरंचसं उत्तर तिथेच मिळेल.

आता आमच्या वसईचं सांगते, कारण तिथे गोष्ट उलटी दिसते आणि ती उलटी गोष्टही तितकीच फसवी आहे.

वसईचा धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश) १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला, सिंधुदुर्गाचा २००५ साली पुण्यापासून. दोन्ही कोकणातले, पण माणसांचा ओघ अगदी उलट दिशांना. तुमच्याकडून माणसं बाहेर जातात, आमच्याकडे मुंबईची माणसं येतात. नव्वदच्या दशकात वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, काही वाड्या वाचल्या, काही गेल्या. २०११ पर्यंत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांच्या वर गेली होती. इमारतींत राहायला आले त्यांत मुंबईत जागा न परवडणारे गोवेकर, मंगळुरी, तमिळ, मल्याळी ख्रिस्तीही आले. स्टेशनाजवळच्या चर्चमध्ये त्यामुळे रविवारी उभं राहायला जागा नसते. आणि पश्चिमेच्या जुन्या गावांत, जिथे सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथे पांढऱ्या केसांची माणसं पुढच्या बाकांवर आणि मध्ये मोकळी जागा. त्यांची मुलं कॅनडात, ऑस्ट्रेलियात किंवा विरारच्या त्याच नव्या इमारतींत.

स्टेशनाजवळच्या चर्चचा वाढता आकडा बघून 'आपल्याकडे श्रद्धा वाढते आहे' असं जाहीर करणारे मला भेटलेत आणि गावातल्या चर्चचा आकडा बघून 'आपण संपत चाललो' म्हणणारेही. दोघेही एकच चूक करतात. माणसं एका बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर बसली आहेत. एकट्या पॅरिशचा आकडा काही सांगत नाही. त्या गावात आज राहणाऱ्या ख्रिस्ती माणसांपैकी किती येतात, हे प्रमाण काहीतरी सांगतं. तुमच्या पॅरिशमध्ये हे प्रमाण पूर्वीपेक्षा चांगलं निघालं, तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

नव्याने येणारे तुमच्याकडेही असतील, फक्त ते नोंदीत नसतात. हॉस्पिटलातल्या केरळच्या नर्सेस, बांधकामावर झारखंड-ओडिशाहून आलेले आदिवासी मजूर, त्यांतले कित्येक कॅथलिक. ते मागे दाराशी उभे राहतात, कम्युनियन घेतात आणि जातात. त्यांच्याकडे आपल्या पॅरिशचं फॅमिली कार्ड नसतं, म्हणून आपण त्यांना आपलं धरत नाही. मिस्सा कळावी एवढं मराठी त्यांतल्या अनेकांना येत नाही. संध्याकाळी एखाद्या खोलीत हिंदीतून प्रार्थना चालते तिथे ते जातात, कारण तिथे त्यांना नावाने हाक मारणारं कोणी असतं. मग आपण म्हणतो, दुसऱ्या पंथाने माणसं ओढली. माझं मत स्पष्ट आहे: दाराशी उभ्या माणसाला नाव विचारणं हे पॅरिशचं काम आहे आणि त्याला कौन्सिलचा ठराव लागत नाही. वर्षातून काही वेळा हिंदीतून एक वाचन ठेवा आणि ते त्यांच्यातल्याच कोणाला करायला सांगा. एका पॅरिशमध्ये हे केल्यावर पुढच्या नाताळच्या गोठ्याचं सगळं बांबूकाम त्या मुलांनी मागून घेतलं.

आता मोजणी कशी करावी ते सांगते, कारण तुम्ही ती करणारच असाल तर नीट करा.

सगळ्यात मोठी चूक असते रविवार निवडण्याची. मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, लग्नं असतात, फर्स्ट कम्युनियन असतं. तेव्हा देऊळ भरतं. नाताळात आणि गावच्या सणाला तर हिंदू शेजारीही नवस फेडायला, मेणबत्ती लावायला येतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरात जी गर्दी होते, तीत ख्रिस्ती किती ते कोणी सांगू शकत नाही, आणि ही फार सुंदर गोष्ट आहे, पण मोजणीच्या कामाची नाही. जून-जुलैत लावणीची घाई, तेव्हा शेतकरी घरातली माणसं येत नाहीत. कोळीवाड्यात मात्र याच्या उलट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, म्हणून पुरुष घरी असतात आणि देवळातही दिसतात. ऑगस्टपासून बोटी बाहेर गेल्या की तीच माणसं अनेक दिवस समुद्रावर. एकाच पॅरिशमध्ये शेतकरी वाडी आणि कोळीवाडा दोन्ही असतील, तर एका महिन्याच्या आकड्यावरून काहीही बोलू नका. मी ऑक्टोबरमधले दोन आणि फेब्रुवारीतले दोन रविवार सुचवते, मात्र फेब्रुवारीत राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) येऊन गेला असेल तर त्याआधीचे घ्या, कारण त्या काळात एरवी न येणारेही येतात. पुढच्या वर्षी तेच रविवार. तीन वर्षांनी त्यातून काही निष्कर्ष काढता येईल, त्याआधी नाही.

मोजायचं प्रवचनाच्या वेळी, कारण उशिरा येणारे तोवर आलेले असतात आणि लवकर जाणारे अजून गेलेले नसतात. दोन माणसं, दोन बाजूंनी, एकमेकांना न विचारता. आकड्यात मोठा फरक आला तर पुढच्या रविवारी पुन्हा. बाहेर मंडपात आणि झाडाखाली उभे राहणारेही धरायचे, आपल्याकडे ती पुरुषांची ठरलेली जागा असते. शनिवारी संध्याकाळची मिस्सा असेल तर ती रविवारचीच धरली जाते, ती विसरू नका. आणि एकच आकडा लिहू नका: लहान मुलं, तरुण, मधल्या वयाचे, म्हातारे, आणि प्रत्येकात बाई-पुरुष वेगळे. वय अंदाजाने लिहिलेलं चालतं.

कोणीतरी सांगेल की एवढी कटकट कशाला, ऑस्त्या (कम्युनियनला देतात त्या पवित्र भाकरी) किती संपल्या ते बघा. ते करू नका. लहान मुलं ऑस्ती घेत नाहीत, काही मोठी माणसं त्यांच्या कारणांनी घेत नाहीत, आणि वेदीजवळच्या तिजोरीत जपून ठेवलेल्या आधीच्या उरलेल्या ऑस्त्याही वाटल्या जातात. तो आकडा कम्युनियनचा असतो, हजेरीचा नसतो. दानपेटीच्या रकमेवरून हजेरी काढणं तर त्याहून वाईट.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. नावानिशी गैरहजेरीची यादी करू नका, आणि केलीच तर ती देवळात वाचू नका. लहान गावात अशी यादी म्हणजे चारचौघांत केलेला अपमान. ज्याला घरी जाऊन भेटायचं, त्याचं नाव फादर आणि भेटणारा माणूस एवढ्यांनाच माहीत असावं.

आता पहाटेच्या मिस्सेचं. मोजणीचं पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत ती बंद करू नये असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण आकड्यात नाही, माणसांत आहे. पहाटेच्या मिस्सेला माणसं कमी असतात हे खरं, पण ती वेगळी माणसं असतात. आमच्याकडच्या एका पॅरिशने असाच निर्णय घेतला. पहाटेची बंद केली, नऊची ठेवली, हिशोब असा की पहाटेचे पन्नास-साठ जण नऊला येतील. आले त्यांतले थोडे. कारण पहाटे येणाऱ्या बहुतेक कोळणी आणि भाजीवाल्या होत्या. साडेसहाला मिस्सा आटोपून टोपली डोक्यावर घेऊन त्या थेट बाजार गाठायच्या. नऊला त्यांचा बाजार भरात असतो. त्यांनी तक्रार केली नाही, कारण कौन्सिलवर त्यांच्यातली एकही बाई नव्हती. वर्षभराने कोणीतरी सहज विचारलं तेव्हा कळलं.

म्हणून निर्णयाआधी तीन चौकश्या करा. पहाटे कोण येतं आणि ते नऊला का येत नाहीत, हे त्यांना मिस्सेनंतर दारात उभं राहून विचारा. लांबच्या वाडीतून येणारी एसटी किती वाजता पोचते ते बघा, कारण ज्या मिस्सेला एसटी जुळत नाही ती त्या वाडीसाठी नसल्यासारखीच. आणि पर्यटनातल्या, हॉटेलातल्या लोकांना रविवारी संध्याकाळची मिस्सा चालेल का ते विचारा. कदाचित दोनची एक करण्याऐवजी पहाटेची ठेवून नऊची संध्याकाळी हलवावी लागेल.

यात परिस्थितीचा भाग मोठा आहे, हे मान्य करते. फादर एकच असतील, त्यांच्याकडे दोन-तीन उपकेंद्रं असतील, वय झालेलं असेल, तर दर रविवारी दोन मिस्सांचा आग्रह धरणं त्यांच्यावर अन्याय होईल. तेव्हा पहाटेची मिस्सा महिन्यातून दोनदा, ठरलेल्या रविवारी, असं करता येतं. मात्र ते रविवार वर्षभर बदलायचे नाहीत. बेभरवशाची मिस्सा माणसं सगळ्यात लवकर सोडतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण भाषेचा मुद्दा तुमच्या बैठकीत येईलच. तरुणांसाठी इंग्रजी मिस्सा सुरू करा, असं कोणीतरी म्हणेल. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन जाऊन लोकांची भाषा वेदीवर आली, आणि या किनाऱ्यावर ती कधीच सरळ एक नव्हती. तुमच्याकडे घरात मालवणी किंवा कोकणी, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कोकणीत, शाळा मराठीत. रायगडातल्या कोर्लईला घरात पोर्तुगीजपासून झालेली बोली आणि देवळात मराठी. आमच्याकडे सामवेदींच्या घरात कादोडी ही बोली, देवळात मराठी. लोकांनी हे पेललं, कारण आजी आणि नात एकाच मिस्सेला बसायच्या आणि नात आजीचं ऐकून गाणी शिकायची. मुलांसाठी वेगळी इंग्रजी मिस्सा काढली की आजी एका वेळी येते, मुलं दुसऱ्या वेळी, आणि दहावीनंतर मुलं बाहेर गेली की ती मिस्सा आपोआप रिकामी पडते. शहरात, जिथे खरोखर वेगवेगळ्या भाषांचे लोक आले आहेत, तिथे इंग्रजी हवीच. तुमच्या गावात मला ती गरज दिसत नाही. मुलांना मराठी वाचायला जड जातं, हे मात्र खरं. त्यावर मोठ्या अक्षरातली गाण्यांची पानं आणि गायकवृंदात त्यांना जागा, हे आधी करून बघा.

परदेशातल्या चर्चांबद्दलची तुमची काळजी. गॅलपच्या पाहणीत अमेरिकेत एखाद्या चर्चचं, सिनेगॉगचं किंवा मशिदीचं सदस्य असल्याचं सांगणारे १९९९ मध्ये ७० टक्के होते, २०२० मध्ये ४७ टक्के. तिथे मोठ्या संख्येने लोक 'माझा कुठलाच धर्म नाही' असं म्हणू लागलेत. माझ्या पाहण्यात कोकणात असं म्हणणारा ख्रिस्ती माणूस क्वचितच असतो. इथला गल्फातला मुलगा तिथे अनेकदा शुक्रवारी मिस्सेला जातो, कारण तिथल्या बऱ्याच देशांत सुट्टी त्या दिवशी असते. पणजीतला तिथल्या चर्चमध्ये जात असेल किंवा नसेल, पण आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेला तो गावात येतोच. तुमच्याकडचं दुखणं वेगळं आहे: गाव रिकामं होतंय आणि जे राहिलेत ते म्हातारे होताहेत. त्यावर अमेरिकेतल्या चर्चांनी केलेले उपाय, बँड आणि पडदे आणि रंगीत दिवे, तुमच्या काही कामाचे नाहीत. म्हाताऱ्यांना आणायला एक गाडी, दाराला रॅम्प, आणि आजारी माणसाकडे दर आठवड्याला घरी पोचणारं कम्युनियन, याने जास्त फरक पडेल.

तर पुढच्या बैठकीत एवढंच मागा: पहाटेच्या मिस्सेचा ठराव पुढे ढकलावा, ऑक्टोबरच्या दोन रविवारांसाठी चार मोजणारे द्यावेत (त्यांत एक तरी कोळीवाड्यातली बाई असावी), आणि फादरांनी बाप्तिस्म्याच्या रजिस्टरसाठी एक संध्याकाळ द्यावी. आकडे आले की वयोगटांसकट इथे टाका, नावं अर्थातच नकोत. तुमच्या एसटीच्या वेळाही लिहा, मिस्सेच्या वेळा त्यांच्याशी जुळवून बघू.